गंजलेली जुनी ड्रिल मशीन पुन्हा कशी फिरायला लागते? रीलमध्ये न दिसणारं काम

हा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. गंजाने लाल झालेलं लोखंडी धूड टेबलावर येतं. दोन हात ते खोलतात, काहीतरी फवारतात, घासतात, आणि दोन मिनिटांत तेच मशीन हिरव्यागार रंगात चकाकत उभं राहतं. कधी व्हाइस असते, कधी ऐरण, पण सगळ्यात जास्त वेळा असते ती उभी ड्रिल मशीन, म्हणजे इंग्रजीतली ड्रिल प्रेस आणि आपल्या वर्कशॉपमधली पिलर ड्रिल.

बघायला मजा येते, यात वाद नाही. पण रंग आणि चकाकी हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. ते मशीन सरळ भोक पाडतं का, आणि पाडताना चालवणाऱ्याची बोटं शाबूत राहतात का, हे दोन प्रश्न व्हिडिओत सहसा येतच नाहीत.

आधी मशीन काय असतं ते. खाली जाड बिडाचा पाया, त्यात उभा खांब, खांबावर वर-खाली सरकणारं टेबल आणि सगळ्यात वर डोकं. डोक्याच्या मागे मोटर. मोटरवर पायऱ्या-पायऱ्यांची पुली, पुढे स्पिंडलवर तशीच पण उलटी पुली, आणि दोघींमध्ये पट्टा. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर टाकला की वेग बदलतो. स्पिंडल ज्या पोकळ नळीत बसवलेला असतो तिला क्विल म्हणतात. बाजूचा दांडा ओढला की दातेरी पट्टीवर ही क्विल खाली येते, सोडला की एक स्प्रिंग तिला परत वर घेते. झालं. यात सर्किट बोर्ड नाही, सेन्सर नाही. म्हणूनच ऐंशी-नव्वद वर्षांचं मशीन आजही दुरुस्त होऊ शकतं.

या छंदातलं एक लाडकं मशीन म्हणजे डेल्टाची 14 इंची ड्रिल प्रेस. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हर्बर्ट टॉट्झ यांनी 1919 साली ही कंपनी सुरू केली आणि घरच्या गॅरेजात मावतील अशी मशीनं विकून नाव कमावलं. 1945 मध्ये रॉकवेलने डेल्टा विकत घेतली. न्यू जर्सीची वॉकर-टर्नर ही तिची त्या काळातली स्पर्धक. दोन्ही कंपन्यांची 1930 आणि 40 च्या दशकातली मशीनं तिकडे अजूनही जुन्या गॅरेजांतून बाहेर पडतात.

इथे बरेच जण फसतात. 14 इंची म्हणजे 14 इंचाचं भोक नाही. चकच्या मध्यापासून खांबापर्यंत 7 इंच अंतर असतं, त्याची दुप्पट म्हणजे 14. थोडक्यात, 14 इंच रुंद वस्तूच्या मधोमध भोक पाडता येतं. आपल्याकडे मात्र ड्रिल मशीन भोकाच्या मापावर विकली जाते, 13 एमएम, 25 एमएम वगैरे. जुनं परदेशी मशीन घेताना ही दोन मापं एकमेकांत मिसळू नयेत.

महाराष्ट्रात अशी मशीनं शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर असो, भोसरी असो की नाशिकचं सातपूर, एखादं छोटं वर्कशॉप बंद झालं की तिथलं जुनं ड्रिल भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातं. तिथून ते भट्टीत जाणार की कुणाच्या हाती लागणार, हे बहुतेक वेळा त्या दिवशी कोण आलं यावर ठरतं.

गंज काढताना मशीन मारू नका

खोलण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढावेत, सुटे भाग डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवावेत. हे कंटाळवाणं आहे, पण तीन आठवड्यांनी हातात एक वॉशर उरतो तेव्हा याची किंमत कळते. अडकलेल्या नटांवर हातोडी चालवण्याआधी त्यांना एक-दोन दिवस तेलात मुरू द्यावं. बीड कडक असतं पण ठिसूळ. एक चुकीचा घाव, आणि टेबलाचा कान तुटून हातात येतो. बिडाचं वेल्डिंग होतं, पण त्यासाठी वेगळा रॉड लागतो, वस्तू आधी तापवावी लागते, आणि एवढं करूनही भरवसा कमीच.

गंज काढायचे दोन स्वस्त मार्ग आहेत. लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्यात टाकतात ते सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून त्यात लहान भाग बुडवून ठेवायचे. दुसरा मार्ग विजेचा. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. 12 व्होल्टच्या चार्जरची उणे तार गंजलेल्या भागाला, अधिक तार एका भंगार लोखंडी पत्र्याला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. काही तासांत गंज सुटून येतो आणि खालचं चांगलं लोखंड तसंच राहतं.

मात्र या टबात दोन गोष्टी जीवावर बेतू शकतात. सोड्याऐवजी मीठ टाकलं तर क्लोरीन वायू तयार होतो. लोखंडी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावला तर पाण्यात क्रोमियमचं विषारी, कर्करोगकारक रूप उतरतं. शिवाय हायड्रोजन निघतच असतो, त्यामुळे टब उघड्यावर ठेवायचा आणि जवळ विडी-सिगारेट नको. स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग यात टाकायचे नाहीत. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात. बाहेर काढलेला भाग लगेच कोरडा करून तेल लावावं. कोकणातल्या पावसाळ्यात तर उघड्या लोखंडावर तासाभरात नवा तांबूस थर दिसतो.

जुन्या रंगाचंही तसंच. त्या काळच्या रंगांत शिसं सर्रास असायचं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी. त्यामुळे ग्राइंडरला ब्रश लावून जुना रंग कोरडा उडवणं, तेही घरात लहान मुलं असताना, हा शुद्ध मूर्खपणा आहे. रंग काढायचं रसायन लावून किंवा पाणी मारत घासून तो काढावा.

व्हिडिओवाले सगळ्यात जास्त नुकसान करतात ते क्विलचं. क्विल आणि डोक्यातलं तिचं भोक यांत मिलिमीटरच्या शतांशांतली फट असते. पॉलिश पेपर मारून क्विल आरशासारखी केली की ती फट वाढते. कॅमेऱ्यात छान दिसतं, पण दांडा ओढला की ड्रिल डुलायला लागतं. एकदा गेलेला धातू परत येत नाही. अशा भागांना रॉकेल, फडकं आणि थोडा धीर पुरतो.

स्प्रिंग, बेअरिंग आणि टेपर

क्विल वर ओढणारी स्प्रिंग डोक्याच्या बाजूला एका गोल डब्यात गुंडाळलेली असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. डब्याचा नट बेसावधपणे सोडला तर ती पट्टी सपकन उलगडते आणि हात चिरते. डबा घट्ट धरून ताण हळूहळू, वळणावळणाने सोडायचा.

बेअरिंग ही मात्र आनंदाची बातमी. 1940 च्या मशीनचं बेअरिंग आज कुठे मिळणार, असं वाटतं. पण बेअरिंगची मापं जगभर ठरलेली आहेत. उदाहरणार्थ 6203 म्हणजे आतून 17, बाहेरून 40 आणि रुंदी 12 मिलिमीटर. तालुक्याच्या गावातही ते मिळतं. 6204 पासून पुढे तर शेवटच्या दोन आकड्यांना 5 ने गुणलं की आतलं माप निघतं: 6205 म्हणजे 25. नंबरापुढे झेडझेड असेल तर झाकण पत्र्याचं, टूआरएस असेल तर रबराचं. लोखंडाचा कीस उडतो अशा जागी रबराचं बरं. काही जुन्या मशीनांत जास्त रुंदीची बेअरिंगं असतात, म्हणून नंबरावर विसंबण्यापेक्षा मोजून घ्यावं.

बसवतानाचा नियम एकच: जी कडी घट्ट बसणार तिच्यावरच दाब द्यायचा. स्पिंडलवर चढवताना आतली कडी, क्विलमध्ये घालताना बाहेरची. उलटं केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेत बारीक खड्डे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर तो किंचित आकसतो आणि काम सोपं होतं. अर्थात घरच्यांची परवानगी घेऊन.

मग येतो टेपर. स्टीफन मोर्स या अमेरिकी माणसाने 1863 मध्ये पिळाच्या ड्रिल बिटचं पेटंट घेतलं. ड्रिल धरणारा निमुळता मोर्स टेपरही त्याच्याच नावाचा. साधारण 20 ला 1 असा हा उतार इतका हलका असतो की दोन पृष्ठभाग नुसत्या घर्षणाने एकमेकांना धरून ठेवतात. आजही दुकानात ‘एमटी-2’ मागितलं की तेच माप मिळतं. टेपर स्वच्छ आणि कोरडा हवा. प्रेमाने तेल लावलं की पकड गेलीच. चक डुलत असेल तर स्पिंडल वाकला असं ठरवण्याआधी टेपर पुसून पाहावा, कधीकधी कीसाचा एक कण सगळा घोळ करतो. त्यानंतर डायल गेज. टेपरवर फरक दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत, पण चकमध्ये धरलेल्या दांड्यावर जास्त, तर दोष चकचा. चक बदलता येतो. टेपरवरच जास्त असेल तर चांगला टर्नर गाठावा.

मोटर

अमेरिकी मोटर 110 व्होल्ट, 60 हर्ट्झची. आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, म्हणून मिनिटाला 1725 फेऱ्यांची मोटर इथे 1440 च्या आसपास फिरते आणि जास्त तापते. जुन्या वायरींचं आवरण हात लावला की भुग्यासारखं गळतं. मूळपणाचा आग्रह इथे सोडावा. इथली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणि अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर लावावी.

स्विचऐवजी स्टार्टर लावावा, विहिरीच्या मोटरला असतो तसा. वीज गेली की तो सुटतो आणि वीज आल्यावर आपोआप लागत नाही. साध्या बटणावर चालणारं मशीन लोडशेडिंगनंतर अचानक फिरायला लागतं, आणि त्या वेळी कुणाचा तरी हात चकजवळ असू शकतो. उघड्या पुलीवर जाळी नसेल तर ती बनवून घ्यावी, मशीन कितीही ऐतिहासिक असलं तरी. सैल बाही, ओढणी, मोकळे केस आणि हातमोजे या मशीनजवळ नकोत. हातमोजा बोट वाचवत नाही, तो बोटाला आत ओढतो.

जोडणी झाली की चकमध्ये वाकवलेली तार धरून पुली हाताने फिरवायची. तारेचं टोक टेबलाला चारही बाजूंनी सारखंच टेकलं तर टेबल काटकोनात आहे. मग सगळ्यात कमी वेगावर अर्धा तास रिकामं चालवून डोक्याला हात लावून पाहायचा. कोमट चालेल, चटका नको. पोलादाला साध्या हायस्पीड बिटसाठी मिनिटाला 25 मीटरचा वेग धरला तर 10 मिमीच्या बिटला सुमारे 800 फेरे लागतात, 20 मिमीला 400. लाकडासाठी बनलेल्या बऱ्याच जुन्या मशीनांचा सगळ्यात कमी वेगही यापेक्षा जास्त असतो, म्हणून त्यांवर जाड पोलादाचं काम काढू नये.

राहता राहिलं टेबल. त्यावर कुणाकुणाच्या चुकीची अर्धवट भोकं पडलेली असतात. काही जण ती बुजवून टेबल कोरं करतात, काही तशीच ठेवतात. काम दोन्हीने होतं. वर लाकडाची एक फळी बोल्टने आवळली की नवीन भोकं फळीत पडतात.