पिस्तूल हाताला बसते तेव्हा : मूठ, ट्रिगर आणि कायद्याची चौकट

लखनौ : देशात शस्त्रपरवान्यांची सर्वाधिक संख्या उत्तर प्रदेशात आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार देशभरातील सुमारे ३३ लाख ६९ हजार परवान्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक परवाने या एकट्या राज्यातील होते. राजधानी लखनौच्या आसपास शस्त्रनिर्मितीही होते. कानपूरच्या सरकारी कारखान्यांनी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आणि २०२३ मध्ये ‘प्रबल’ ही .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. लखनौशेजारच्या हरदोई जिल्ह्यात संडीला येथे ‘वेब्ली अँड स्कॉट’ या ब्रिटिश नावाने २०२० पासून त्याच बोअरची रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागली.

परवानाधारकांमध्ये सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल बाळगणारेही पुष्कळ आहेत. असे शस्त्र घेतल्यानंतर अनेकांना एकच अडचण जाणवते. मूठ हातात नीट बसत नाही, ट्रिगर जड लागतो आणि गोळी हवी तिथे जात नाही. मग शस्त्रात फेरफार करून घ्यावा का, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मूठ, ट्रिगर आणि आतील यंत्रणा या तिन्ही बाबतींत वेगवेगळे आहे. मूठ हाताच्या मापाची करून घेणे हा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी जोखमीचा बदल होय. ट्रिगरमध्ये सुधारणा शक्य असते, परंतु तिला तांत्रिक मर्यादा आहेत आणि ते काम परवानाधारक कारागिराचे आहे. शस्त्राचा प्रकारच बदलेल असा फेरफार परवान्याशिवाय करणे हा गुन्हा आहे.

पिस्तूल चालते कसे?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत ढकलले जाते. बोट सैल करून ट्रिगर पुन्हा दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही. ही खबरदारी घेणारा एक छोटा भाग यंत्रणेत असतो.

डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये बोटाच्या एकाच दाबाने सिलिंडरही फिरतो आणि घोडाही मागे येतो. साहजिकच ट्रिगर जड असतो; त्याला चार ते पाच किलोचा दाब लागणे नेहमीचे आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात पहिल्या गोळीनंतर घोडा मागे नेण्याचे काम स्लाइड करते आणि पुष्कळ प्रकारांत ट्रिगरला तो केवळ सोडायचा असतो. म्हणून संरक्षणासाठीच्या अनेक पिस्तुलांत हा दाब दोन ते अडीच किलोच्या आसपास असतो. मात्र शस्त्राचे स्वतःचे वजन किलोभराच्या आतबाहेर असते. म्हणजे हातातील वस्तूच्या वजनाहून अधिक जोर एक बोट लावते. तो जोर सरळ मागे गेला नाही, किंचित जरी तिरपा पडला, तरी नळीचे तोंड हलते.

एका मिलीमीटरचा हिशेब

ही हालचाल किती महाग पडते, हे ऑलिंपिकमधील २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या मापांवरून समजते. या पिस्तुलाच्या मागील खाचेपासून पुढील माशीपर्यंतचे अंतर जास्तीत जास्त २२० मिलीमीटर असू शकते. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे या अंतराच्या सुमारे ११४ पट दूर असते. त्यामुळे माशी खाचेच्या मध्यापासून अवघा एक मिलीमीटर सरकली, तर गोळी लक्ष्यावर ११ सेंटिमीटरहून अधिक बाजूला पडते. अचूकता फेरीच्या लक्ष्यफलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास पाच सेंटिमीटर असतो आणि प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा अडीच सेंटिमीटरने बाहेर असते. हिशेब केला, तर त्या एका मिलीमीटरने दहाचे सहा गुण होतात.

नेम धरताना डोळ्याला दिसणारी चूक बहुधा लहानच असते. मोठी चूक शेवटच्या क्षणी, ट्रिगर दाबताना घडते. तिचे मूळ पुष्कळदा मुठीत सापडते.

मूठ आधी, ट्रिगर नंतर

मूठ योग्य आहे की नाही, हे तपासण्याची नेमबाजांची एक जुनी रीत आहे. रेंजवर, प्रशिक्षकासमोर, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते सुरक्षित दिशेने नेमाच्या अवस्थेत धरायचे, डोळे मिटून हात खाली घ्यायचा, पुन्हा वर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी आणि खाच आपोआप एका रेषेत दिसली, तर मूठ हाताशी जुळली असे समजावे. माशी दरवेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल, तर मनगट वळवून ती सरळ करण्याची सवय लावून घेणे हा उपाय नव्हे. थकवा आला किंवा घाई झाली की मनगट मूळच्या जागी परतते.

चांगल्या पकडीत अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या मागच्या भागावर शक्य तितके वर टेकते, नळीची रेषा आणि हाताचे हाड एका ओळीत येतात आणि तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर नैसर्गिकपणे पोहोचते. तर्जनीचा उरलेला भाग पिस्तुलाच्या बाजूला घासत नाही. मूठ जाड असेल, तर लहान हाताचे बोट ट्रिगरपर्यंत ताणावे लागते आणि दाब तिरपा पडतो. मूठ बारीक असेल, तर बोट गरजेपेक्षा आत जाते आणि ओढ उलट दिशेला पडते. ‘ट्रिगर जड आहे’ या तक्रारीमागे अनेकदा बोटाची ही चुकीची जागा असते.

स्पर्धेच्या पिस्तुलांना सहसा अक्रोडाच्या लाकडाची मूठ असते. ती लहान, मध्यम व मोठ्या मापात आणि उजव्या व डाव्या हातासाठी स्वतंत्र मिळते. तळहाताखालची पट्टी वरखाली करता येते. तरीही तयार मूठ पहिल्याच दिवशी अचूक बसणे दुर्मीळ. नेमबाज ती टोचते तिथे कानशीने घासतात, पोकळी राहते तिथे लाकडाची पुटी भरतात, काही दिवस सराव करतात आणि पुन्हा घासतात. हे काम आठवडे, कधी महिनेही चालते. घरगुती वापराच्या पिस्तुलात एवढी मोकळीक नसते. तरी मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या अधिक पातळ, जाड किंवा खरखरीत घेता येतात आणि त्यामुळे शस्त्राच्या यंत्रणेला हातही लागत नाही.

मूठ कितीही सोयीची करावी म्हटले, तरी स्पर्धेत तिला मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार मुठीचा कोणताही भाग हातापलीकडे आधार देणारा नसावा आणि मनगट स्पष्टपणे मोकळे राहावे. २५ मीटरचे पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलीमीटर मापाच्या पेटीत मावले पाहिजे आणि त्याचे वजन १,४०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

चांगला ट्रिगर म्हणजे काय?

ट्रिगरचा प्रवास चार टप्प्यांत होतो. आधी बोटाला फारसा विरोध न होता तो थोडा मागे येतो. मग एका ठिकाणी अडतो. त्या अडथळ्यावर दाब वाढत गेला की घोडा सुटतो. त्यानंतर ट्रिगर आणखी किंचित मागे जातो आणि थांबतो. यांपैकी अडण्याची जागा दरवेळी तीच असणे, सुटण्याचा क्षण खरखर न होता स्वच्छ येणे आणि सुटल्यानंतरची चाल कमी असणे, या तीन गोष्टींवर ट्रिगरचा दर्जा ठरतो. दाब किती ग्रॅमचा आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. दरवेळी सारखा वागणारा जड ट्रिगर हात शिकून घेतो. दरवेळी वेगळ्या ठिकाणी सुटणारा हलका ट्रिगर हाताला कधीच कळत नाही.

स्पर्धेच्या पिस्तुलात ट्रिगरची जागा पुढेमागे करण्याची, टप्प्यांतील दाब वाटून घेण्याची आणि शेवटची चाल रोखण्याची सोय उत्पादकानेच केलेली असते. किमान दाब मात्र नियमाने बांधलेला आहे. १० मीटर एअर पिस्तुलात तो ५०० ग्रॅम, तर २५ मीटर प्रकारांत १,००० ग्रॅम आहे. नळी उभी धरून ट्रिगरला तेवढे वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन जमिनीवरून सुटले आणि घोडा पडला नाही, तर शस्त्र उत्तीर्ण. स्पर्धा संपल्यानंतरही निवडक नेमबाजांची अशी तपासणी होते. म्हणजे जगातील सर्वोत्तम नेमबाजांनाही एक लिटर पाण्याच्या वजनाइतका दाब बोटाने पेलावाच लागतो.

हलकेपणाची किंमत

घोडा मागे अडवून धरणारा पोलादी भाग, ज्याला कारागीर ‘सिअर’ म्हणतात, फार लहान असतो. त्याची घोड्यावरची पकड मिलीमीटरच्या अंशात मोजतात. ट्रिगर हलका व आखूड करण्याच्या नादात ही पकड कमी झाली, तर पिस्तूल हातातून पडल्यावर किंवा स्लाइड आपटल्यावर घोडा आपोआप सुटू शकतो. एकदा दाबल्यावर दोन गोळ्या सुटण्याचा प्रकारही यातूनच घडतो. स्प्रिंग कमकुवत केली, तर काडतुसाच्या बुडावर पुरेसा आघात होत नाही आणि नेमक्या गरजेच्या वेळी शस्त्र दगा देते. पृष्ठभागावरचा कठीण थर घासला गेला, तर आज सुरक्षित वाटणारा ट्रिगर काही शे गोळ्यांनंतर धोकादायक होतो.

स्पर्धेचा आणि संरक्षणाचा ट्रिगर एकाच मापाने मोजता येत नाही, तो याच कारणाने. रेंजवर काडतूस आज्ञा झाल्यावरच भरले जाते, नळी सदैव लक्ष्याकडे असते आणि बोट शांतपणे ट्रिगरवर जाते. कमरेला लावलेले शस्त्र गर्दीत, वाहनात, घरात असते. भीतीने आखडलेल्या बोटाला एक किलोचा दाब जाणवतही नाही. तिथला जड ट्रिगर हे एक सुरक्षेचे कुलूपच आहे.

उपकरणावर किती अवलंबून राहावे, याचा धडा ऑलिंपिकनेही दिला आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत तिची बहुमोल मिनिटे गेली. ५७५ गुणांसह तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी या व्यवसायांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे ते दुरुस्त करून देण्याचा परवाना नव्हे. त्यामुळे ट्रिगरचे काम गल्लीतल्या लेथवाल्याकडे किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे देणे दोघांनाही अडचणीत आणू शकते. कलम ६ नुसार नळी आखूड करणे किंवा शस्त्राचे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे परवान्याशिवाय निषिद्ध आहे. कलम ८ शस्त्रावरील ओळखचिन्हे पुसण्यास मनाई करते. पॉलिश किंवा नवा मुलामा देताना क्रमांक पुसट होणार नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने हा कायदा अधिक कठोर झाला. बेकायदा निर्मिती, दुरुस्ती किंवा रूपांतरासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली. खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे.

हाताची तयारी

मराठी वाचकांसाठी या विषयाला एक जवळचा धागा आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. राष्ट्रीय स्पर्धेची पूर्वपायरी म्हणून ओळखली जाणारी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम फेरीत ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये निकाल लागला. या प्रकारातील जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंदच समोर असते; तेवढ्यात हात खालून वर नेऊन एक गोळी सोडायची असते. मुठीची जुळवाजुळव करायला तिथे वेळच नसतो.

अशी तयारी घडते ती कोऱ्या सरावातून, म्हणजे काडतूस न भरता, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो वेळा ट्रिगर दाबण्यातून. जड वाटणारा ट्रिगर काही आठवड्यांत ओळखीचा होतो, असा अनुभव बहुतेक नवशिक्यांना येतो.

म्हणून पिस्तूल हाताला बसत नाही असे वाटणाऱ्या परवानाधारकाने क्रम पाळावा. प्रथम मान्यताप्राप्त रेंजवर जाऊन पकड तपासून घ्यावी. मग मुठीच्या पट्ट्या बदलून पाहाव्यात. त्यानंतर सराव करावा. एवढे करूनही ट्रिगर खरखरत किंवा अडखळत असेल, तर शस्त्र उत्पादकाकडे किंवा दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे न्यावे, कामाची पावती घ्यावी आणि परत मिळालेले शस्त्र वापरण्यापूर्वी रेंजवर तपासावे. पुष्कळांची अडचण पहिल्या तीन पायऱ्यांतच सुटते आणि शस्त्राच्या आतल्या भागाला हात लावण्याची वेळ येत नाही.