चिंचोका : न पचणाऱ्या साखळीचे गुण

चिंच फोडून झाली की गर बाजारात जातो आणि चिंचोके मागे उरतात. थोडे भाजून खाल्ले जातात, थोडे मुलांच्या खेळात जातात, बरेचसे वाया जातात. घोंगडी विणणाऱ्यांना मात्र त्यांची किंमत पूर्वीपासून ठाऊक आहे. चिंचोके वाटून शिजवले की चिकट खळ तयार होते. ती दिली की घोंगडी ताठ होते. ताग आणि सूत विणतानाही ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना ही खळ देतात. आज याच चिंचोक्यातील पदार्थ शुद्ध करून डोळ्यांत घालायचे थेंबही बनवले जातात. घोंगडीला आणि डोळ्याला, दोहोंना उपयोगी पडणारा हा पदार्थ आहे तरी काय?

तो आहे झायलोग्लुकॅन नावाची बहुशर्करा, म्हणजे साध्या शर्करांचे रेणू जोडून झालेली लांब साखळी. तिचा कणा ग्लुकोजचा असतो. तांदळातले पिष्टही ग्लुकोजचेच. पण तिथे ग्लुकोजचे रेणू अल्फा बंधांनी जोडलेले असतात, तर चिंचोक्यात आणि कापसाच्या सेल्युलोजमध्ये बीटा बंधांनी. सेल्युलोजच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात, म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही. चिंचोक्याच्या साखळीत दर चार ग्लुकोजपैकी साधारण तिघांना झायलोजची शाखा असते आणि काही शाखांच्या टोकाला गॅलॅक्टोज. या शाखांमुळे साखळ्या जवळ येऊ शकत नाहीत. त्यांच्यामध्ये पाणी शिरते आणि दाट, बुळबुळीत द्रावण तयार होते. कणा सेल्युलोजसारखाच असल्याने ती सुताला मात्र छान चिकटते.

अल्फा आणि बीटा यांतला फरक वर्गात सहज दाखवता येतो. भाजून सोललेल्या चिंचोक्यांची बारीक पूड पाण्यात वीसेक मिनिटे उकळून फडक्यातून गाळा. दुसरीकडे तांदळाच्या पिठाची तितकीच दाट खळ करा. दोन्ही कोमट असताना वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घ्या, प्रत्येकीत थोडी लाळ मिसळा आणि नळ्या कोमट पाण्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत तांदळाची खळ पातळ होईल, चिंचोक्याची दाटच राहील. लाळेतले अमायलेज हे विकर अल्फा बंध तोडते. बीटा बंधांपुढे त्याचे काही चालत नाही.

या न तुटण्यातच चिंचोक्याचे बरेचसे जैविक गुण दडलेले आहेत. ही साखळी लहान आतड्यात पचत नाही, ती मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले काही जीवाणू तिच्यावर जगतात. बॅक्टेरॉइड्स ओव्हॅटस या जीवाणूत ही साखळी तोडण्यासाठी लागणारा जनुकांचा संचच असल्याचे २०१४ मध्ये दाखवून देण्यात आले. डोळ्यातही तेच. अश्रूंच्या थरात म्युसिन नावाचा शाखायुक्त, बुळबुळीत पदार्थ असतो. झायलोग्लुकॅनची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने ते डोळ्याच्या पृष्ठभागावर टिकून राहते आणि कोरड्या डोळ्यांना ओलावा देते.

शाखा छाटल्या तर गुण बदलतात. विकराच्या साहाय्याने ३५ टक्क्यांहून अधिक गॅलॅक्टोज काढले, की गार असताना पातळ असलेले द्रावण शरीराच्या तापमानाला जेलीसारखे घट्ट होते. अशा जेलीतून औषध हळूहळू सोडता येईल का, यावर संशोधन चालू आहे. खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी जपानमध्ये चिंचोक्याची बहुशर्करा अनेक दशकांपासून वापरात आहे.

टाकाऊ मालातील बहुशर्करांबद्दल याहून मोठे दावेही ऐकू येतात : त्या ऑक्सिडीकरण रोखतात, प्रतिकारशक्ती वाढवतात, वगैरे. इथे आपण दोन प्रश्न विचारावेत. पहिला, पदार्थ शुद्ध होता का? चिंचोक्याच्या तपकिरी टरफलात भरपूर टॅनिन असते. पुडीत त्याचा अंश राहिला, तर ऑक्सिडीकरण रोखल्याचे श्रेय बहुशर्करेला फुकटच मिळते. तसेच नमुन्यात जीवाणूंच्या भित्तिकेतील विषारी द्रव्याचा किंचित अंश असला, तरी काचपात्रातल्या रक्षक पेशी उत्तेजित होतात आणि गुण वनस्पतीचा वाटतो. दुसरा प्रश्न, परीक्षा कुठे झाली? जी साखळी आतड्यातून अखंड रक्तात जाऊ शकत नाही, तिने काचपात्रातल्या पेशींवर दाखवलेला परिणाम खाल्ल्यावरही दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही.

दावे असे गाळून घेतल्यावरही हाती बरेच उरते. उसाचे चिपाड, संत्र्याची साल, भाताचा कोंडा यांतही बहुशर्करा आहेतच. पण प्रत्येकीची शर्करा वेगळी, बंध वेगळे, शाखा वेगळ्या, म्हणून उपयोगही वेगळे. कुठलीही गोष्ट टाकाऊ ठरवण्यापूर्वी तिच्यात कोणती साखळी आहे हे पाहावे लागते, आणि ती गुणकारी ठरवण्यापूर्वी तो गुण नेमका त्या साखळीचाच आहे ना, हेही. विद्यार्थ्यांना ही दुहेरी सवय लागली, तर दोन परीक्षानळ्या आणि मूठभर चिंचोके सत्कारणी लागले असे म्हणायला हरकत नाही.