अ‍ॅप नवं, दिवा जुनाच
बंगळुरूच्या विप्रो कंझ्युमर केअरसारख्या कंपन्या फोनवरून चालणारे दिवे विकतात. अशा दिव्यांच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती काढताना खरी कसोटी जुन्या दिव्यांशी असते. अ‍ॅप एका रात्रीत बदलतं, छताचा दिवा मात्र वर्षानुवर्षं तोच. त्याची भाषा नव्या अ‍ॅपलाही यावीच लागते. वीज जाऊन आली की काही दिवे आपोआप लागतात आणि अ‍ॅप ‘बंद’च दाखवत राहतं. म्हणून उघडल्याबरोबर अ‍ॅपने दिव्यालाच विचारायला हवं, तू चालू आहेस का? ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या ‘मॅटर’ मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरच्या वायफायवरच एकमेकांशी बोलू शकतात. मला हे फार मोलाचं वाटतं: बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी आजीच्या खोलीतला दिवा लागतो.