थंडीतला स्लॅब

सुगी झाली की चाकूरकडं नव्या घरांचे स्लॅब पडतात. "थंडी आहे, पाणी कशाला मारायचं?" असं आपण म्हणतो. इथंच चुकतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी मिळून घट्ट होतं. थंडीत हे काम सावकाश चालतं. कोरडा वारा ओल पळवतो. मग भेगा पडतात.

म्हणून स्लॅब आवळला की ओल्या गोणपाटानं झाका. रात्री वर कडबा पसरा, ऊब राहते. दुसऱ्या दिवशी वाफे बांधून पाणी भरा. 14 दिवस ओल मोडू देऊ नका. टेकू घाईनं काढू नका.

1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरं पडली. मग आपण सिमेंटकडं वळलो. पण कच्चा स्लॅबही दगा देतो. त्याखाली आपलीच लेकरं निजतात.