यादीत नसलेली काडी

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांनी रेणू दाखवणारे प्रोग्रॅमही एकदा हाताळून पाहावेत, असे आम्ही सुचवू. विषय दूरचे वाटतात, पण दोन्हीकडे आपण संगणकाला एक साधी यादीच देत असतो. त्या यादीत काय असते आणि काय नसते, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

आधी परिपथ. स्पाइस हा प्रोग्रॅम १९७३ साली अमेरिकेत, बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी तयार केला. त्याचे वंशज आजही विनामूल्य मिळतात. यादीच्या प्रत्येक ओळीत एक घटक, तो कोणत्या दोन बिंदूंमध्ये जोडला आहे ते आणि त्याचे मूल्य. समजा, ९ व्होल्टच्या बॅटरीला १०० आणि २०० किलोओहमचे रोधक एकसरीत जोडले. दुसऱ्या रोधकाच्या टोकांमध्ये स्पाइस ६ व्होल्ट सांगतो. हीच जोडणी टेबलावर करून काट्याच्या स्वस्त मल्टीमीटरने मोजली, तर जेमतेम १.४ व्होल्ट दिसू शकतात! १० व्होल्टच्या टप्प्यावर मीटरचा स्वतःचा रोध २० किलोओहम असला, तर तो २०० किलोओहमला समांतर जोडला जातो. स्पाइस चुकलेला नाही. मीटर यादीतच नव्हता. त्याची एक ओळ घाला, उत्तर जुळते.

या यादीत जोडण्या असतात, अंतरे नसतात. तार वीतभर की हातभर, हे स्पाइस विचारत नाही. रेणूंच्या बाबतीत नेमके उलट.

जेमॉल या विनामूल्य प्रोग्रॅमसाठी पाण्याचा रेणू साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतो. पहिल्या ओळीत अणूंची संख्या, म्हणजे ३. दुसरीत नाव. मग प्रत्येक अणूची संज्ञा आणि त्याचे तीन निर्देशक, अँगस्ट्रॉममध्ये (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). ऑक्सिजन: ०, ०, ०. पहिला हायड्रोजन: ०.९५७, ०, ०. दुसरा: उणे ०.२४०, ०.९२७, ०. अंक आणि संज्ञा इंग्रजीत लिहाव्यात, मध्ये स्वल्पविराम नको, फक्त मोकळी जागा. फाइलच्या नावाला एक्सवायझेड हे शेपूट लावावे. फाइल उघडली की १०४.५ अंशांचा कोन केलेला रेणू दिसतो, दोन काड्यांसकट. पण काड्या आपण लिहिल्या कुठे होत्या?

त्या प्रोग्रॅमने काढल्या. तो दर दोन अणूंमधले अंतर मोजतो. त्यांच्या सहसंयुज त्रिज्यांची बेरीज, त्यात थोडी सवलत. अंतर एवढ्यात बसले की काडी. आता ०.९५७ च्या जागी २ लिहून पाहा. काडी गायब!

वर्गात हे जरूर दाखवावे, कारण काडी गेली म्हणून आकर्षण संपले असे नाही. बर्फात एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनपासून सुमारे १.८ अँगस्ट्रॉमवर असतो. प्रोग्रॅम तेथे आपणहून काही काढत नाही, वेगळी आज्ञा द्यावी लागते. बर्फाचा स्फटिक मात्र याच हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेला असतो.

प्रथिनांच्या फाइली उघडणाऱ्यांना आणखी एक कोडे भेटेल. क्ष-किरणांनी शोधलेल्या बहुतेक रचनांमध्ये हायड्रोजन दिसतच नाहीत. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे, आणि हायड्रोजनपाशी असतो एकच इलेक्ट्रॉन. त्याची जागा सहसा नक्की करता येत नाही, म्हणून त्याची ओळही लिहिलेली नसते.