एका पिल्लाची तीन गाणी

लहानपणी वेळणेश्वरला गणेशोत्सवात ‘एका तळ्यात होती’ या गाण्यावर नाच बसवला होता. मी बोलताना अडखळत असे, म्हणून कुरूप पिल्लू मीच!

गदिमांचे शब्द आणि आशा भोसल्यांचा स्वर आपणा सर्वांच्या ओळखीचा. मूळ कथा मात्र डॅनिश लेखक अँडरसनची, १८४३ सालची. तीत पिल्लू घर सोडते, हिवाळ्यात बर्फात गोठते, मग वसंतात राजहंस होते. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने १९१४ साली ती एक गळा व पियानो यांसाठी रचली. तिला कडवी नाहीत. कथा सरकते तशी चाल बदलते. १९५२ च्या अँडरसनवरील हॉलिवूड चित्रपटात फ्रँक लेसरचे गाणे, सोबती चिडवतात अशा एका मुलाला हसवून धीर देते.

गदिमांनी हिवाळा गाळला. पाण्यात प्रतिबिंब पाहण्याचा क्षण ठेवला. लहानग्यांना पाठ व्हायचे तर ते योग्यच. पण त्या रात्री टाळ्या थांबल्या आणि मी पूर्वीसारखाच अडखळू लागलो. माझी वाणी सुधारायला पुढे कित्येक वर्षे लागली. म्हणून वाटते, हे गाणे शिकवताना तो गाळलेला हिवाळाही मुलांना कुणीतरी सांगावा.