बंदीच्या यादीतलं लग्न

आमच्या पेडगाव-परभणीकडे लग्नाआधी घाणा भरतात. जात्याला हळदकुंकू लावायचं, मुसळांना हळकुंड-सुपारी बांधायची, सवाष्णींनी मिळून हात लावायचा आणि ओव्या म्हणत हळद दळायची. हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’मध्ये १७३६चं फर्मान समोर आलं, तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्म-न्यायासनाने, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी काढलेली ही मनाईची यादी आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी रीतीप्रमाणे भात कांडू नये, मसाले कुटू नयेत. अंगाला उटणं लावू नये. मांडवाला तोरणं नकोत. विडा-सुपारी, फुलं वाटू नयेत. ओव्या गाऊ नयेत. दारात तुळस नको, एकादशीचा उपास नको. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. बिनमिठाचा भात शिजवून मीठ मागून घालायचं, तेसुद्धा बंद! या कलमांत देव कुठेच नाही. आहेत ते तांदूळ, तेल, पानं-फुलं आणि बायकांचे गळे. धर्म घरात कुठे मुरलेला असतो, हे फर्मान काढणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यातलं ओवीचं कलम मला फार लागलं. फादर स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही ओवीतच. म्हणजे ज्या छंदात येशूचं चरित्र लोकांच्या कानी गेलं, तोच छंद सव्वाशे वर्षांच्या आत लग्नघरात गुन्हा ठरला. मध्ये १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूमही काढला होता.

चर्चची भूमिका नेहमीच इतकी कडक नव्हती. पोप पहिले ग्रेगरी यांनी ६०१मध्ये इंग्लंडातल्या मिशनऱ्यांना कळवलं होतं : जुनी देवळं पाडू नका, पवित्र पाणी शिंपडून तीच वापरा; लोकांच्या मेजवान्याही राहू द्या. मदुराईत मिशनरी रोबेर्तो दे नोबिलींनी जानवं, शेंडी, गंध ख्रिस्ती ब्राह्मणांना ठेवू दिलं. त्यावर गोव्यात मोठा वाद झाला आणि १६२३मध्ये रोमने नोबिलींच्या बाजूने कौल दिला. पुढे १७४४मध्ये रोमनेच अशा सवलतींवर, म्हणजे ‘मलबारी रीतीं’वर, कडक बंधनं घातली.

इन्क्विझिशन १८१२मध्ये संपलं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरी लग्नाच्या आदल्या दिवशी आजही ‘रोस’ होतो. क्रूसाची खूण करून सुरुवात होते, मग आईवडील, मामा, काका-काकू एकेक करून नारळाचं दूध नवरीच्या किंवा नवऱ्याच्या अंगाला चोळतात, डोक्यावर तेल घालतात. जुन्या बायका ओव्या धरतात. विचारलं तर सांगतात, ही शुद्धी, एकटेपणीच्या आयुष्याचा निरोप. आमच्या हळदीचा अर्थ याहून वेगळा नाही. गोव्यातल्या त्या घरांत नवरीचा चुडाही मामाच्या घरी भरला जातो. लग्नाआधी पितरांच्या नावाने ‘भिकाऱ्यांचं जेवण’ घालतात. आणि राय गावी ५ ऑगस्टला पाद्री पहिली कणसं कापून आशीर्वाद देतो, मग नवं धान्य घरात येतं.

उटणं राहिलं तर जुना देवही राहील, अशी न्यायासनाला धास्ती होती. माझ्या मते ती खोटी ठरली. उटणं राहिलं, आणि त्या घरांची ख्रिस्तावरची श्रद्धाही तितकीच घट्ट राहिली.

मात्र रोसाच्या ओव्या पाठ असलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. गोव्यातून लग्नाचं बोलावणं आलं, तर फक्त चर्चपुरतं जाऊ नका. आदल्या दिवशी पोचा, आणि घरच्यांनी परवानगी दिली तर त्या ओव्या उतरवून घ्या.